वणव्याच्या चौकीतला ठेचा
परवा इथे अमेरिकेत, बॉथेलच्या घरात मिरच्या भाजताना स्मोक अलार्म बोंबलला आणि तो महाभाग आठवला. जंगलात वणवा लागलाय का हे बघायला डोंगरमाथ्यावर बांधलेली, चारी बाजूंनी काचांची जुनी केबिन आम्ही दोघांनी एका रात्रीसाठी बुक केली होती. हा महाभाग, माझा ऑफिसातला मित्र, अख्खी चढण "यार, निसर्गाशी एकरूप व्हायला हवं" असं प्रवचन झोडत चढला. पाण्याचे कॅन मात्र माझ्या पाठीवर. वर पोचलो तेव्हा समोरची बर्फाची शिखरं मावळतीला गुलाबी झाली होती. साहेबांनी त्यांच्याकडे पाठ करून तिथल्या लाकडं जाळायच्या स्टोव्हमध्ये ओल्या काटक्या कोंबल्या, तव्यात मिरच्या टाकल्या आणि ठसका लागताच सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. तासाभरात जंगलखात्याच्या रेंजरबाई धापा टाकत वर आल्या. खालच्या कॅम्पवरून कुणीतरी डोंगरावर धूर दिसतोय म्हणून कळवलं होतं. वणवा हेरायच्या चौकीतूनच धूर! बाईंनी तव्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्या निर्लज्जाने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं, "इट्स फॉर हिम, मॅम." हा किस्सा मी आजही प्रत्येक पार्टीत त्याची टर उडवत सांगतो. फक्त मिरच्या माझ्या सॅकमधून निघाल्या होत्या आणि ठेच्याचा हट्टही माझाच होता, तेवढं गाळतो.