अण्णांनी लिहिलेलं पान

"मधे कोणी नको," असं म्हणत अण्णा नोटपॅडमधली फाइल सेव्ह करत, ब्राउझरकडे वळत आणि करंगळीनं पान ताजं करत. बदल समोर दिसला की मान हलवत. "सरी," ते कानडीत म्हणत. "झालं."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बनशंकरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत वेबपानं बनत. मी पुण्याहून नवा आलेलो. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच असलेल्या मराठी घरातले. पानं आयती जुळवून देणारी सॉफ्टवेअरं त्यांना आवडत नसत. नेटवर कुणी जावास्क्रिप्टची तयार फाइल ठेवलेली दिसली, की ते ती उतरवून घेत, पानाशेजारी ठेवत आणि एका ओळीनं पानाला जोडत. "बांधाबांध नाही, बसवाबसवी नाही. ब्राउझर आहे ना? मग चालतं." आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असतात.

हे सगळं ते कशासाठी करतात, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

वहिनींना स्नायू झिजवणारा आजार होता. बोलणं गेलं होतं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. पलंगाशी जुना कॉम्प्युटर आणि स्क्रीनवर मराठी अक्षरांच्या ओळी. ब्राउझरमध्ये तेव्हा मराठी धड उमटत नसे, म्हणून प्रत्येक अक्षराचं चित्र अण्णांनी स्वतः काढलं होतं. उतरवलेल्या फाइलच्या जोरावर उजेड ओळीओळीनं सरकायचा. वहिनी बोट दाबत, तो थांबे, मग त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरके; पुन्हा दाबलं की ते अक्षर वरच्या पाटीवर उमटे. काना-मात्रा सुट्या पडत, पण वाचता येई.

"पहिला शब्द काय लिहिला हिनं, माहीत आहे?" अण्णा म्हणाले. "'खाज'. पाठीला. किती दिवस सोसत होती कोण जाणे. आणि मी आपला रोज भजनं लावून देत होतो!"

वहिनींचे डोळे हसले.

पुढे गिळणंही बंद होत आलं. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी घालावी लागेल. त्या रविवारी दुपारी मी तिथंच होतो. वहिनींचे थोरले भाऊ के. आर. पुरमहून आले होते. अण्णांनी वहिनींना विचारलं. उजेड फिरू लागला. आम्ही एकेक अक्षर वाचत गेलो. नळी नको.

भाऊ ताडकन उठले. "यंत्र चुकलंय. बोट घसरलं असेल तिचं."

"स्वल्प थांबा, दादा." अण्णांनी पान ताजं केलं. पाटी कोरी झाली. ते वाकून वहिनींना म्हणाले, "घालू दे ना गं नळी. माझ्यासाठी."

वहिनींनी पुन्हा तेच लिहिलं. पुढे एक शब्द जास्त: पुरे.

"अहो, तुम्हीच केलंय ना ते? चुकलं म्हणा!" भावांचा आवाज चिरकला. "तुम्ही म्हणालात तर डॉक्टर मानतील."

अण्णांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "ओळ न् ओळ वाचलीय मी ती फाइल, दादा. चूक नाही. तीच बोलतेय."

नळी घातली नाही. अण्णा चमच्यानं पेज भरवत राहिले. बरीचशी ओठांवरून खाली ओघळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी वहिनी गेल्या.

त्यानंतर अण्णा कामावर आलेच नाहीत. येलहंक्याला बहिणीकडे कायमचे निघाल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेलो. सामान बांधून झालं होतं. अण्णा म्हणाले, "शेवटी 'ऊन' एवढंच लिहिलं तिनं. खिडकी उघडू की लावू, हे विचारेपर्यंत बोट थांबलं."

"मग?"

"उघडली. तोंडावर ऊन आलं तिच्या." ते माझ्याकडे बघत राहिले. "नको होतं का रे तिला?"