दर्यातलं डिप्रेशन आणि चुकीचा दरवाजा

डॉक्टर म्हणाला, "तात्या, तुम्हाला डिप्रेशन आहे."

मी म्हटलं, "डिप्रेशन दर्यात येतं. माझ्यात कुठून आलं?"

जन्म मासेमारीत गेला. डिप्रेशन, म्हणजे वादळाआधीचा कमी दाबाचा पट्टा, आलं की होड्या किनाऱ्याला आणायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, हे मनाचं. भूक मरते, झोप उडते, माणूस बसला की उठावंसंच वाटत नाही. बायको गेल्यापासून माझं तेच चाललेलं. ओटीवर बसायचो. समोर तिचे बोंबील वाळवायचे बांबू रिकामे. भरतीचं पाणी बघून नको नको ते मनात यायचं. तेही डॉक्टरला सांगितलं. लपवून काय मिळणार होतं?

"समुपदेशन घ्या," तो म्हणाला. म्हणजे ते काम शिकलेल्या माणसाजवळ मनातलं बोलायचं.

बोलायला होती की एक. तिला जाळून आलो.

आमच्या दिवेआगरच्या बाजूला असलं माणूस शोधून बघा. एक म्हणाला भगताकडे जा, दुसरा म्हणाला नातवंडांत मन रमवा. नातवंडं माणगावला, लेकीकडे. लेकीनं मोबाईलवर शोधलं तर सगळे पत्ते पनवेल नि मुंबईचे. शेवटी म्हणाली, "बाबा, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बघा."

एसटीनं गेलो. चौथी शिकलोय, पाटी वाचता येते. 'समुपदेशन केंद्र' दिसलं, तिथल्या बाकावर बसलो. तेवढ्यात आमच्या कोळीवाड्यातला गोविंदा पायाला पट्टी बांधून समोरून आला. त्यानं मला बघितलं, वरची पाटी बघितली नि सटकला.

आतल्या बाईनं विचारलं, "रक्त तपासायला आलात?"

"रक्ताला काय धाड भरलीय? बायको मेलीय माझी."

तेव्हा कळलं. ती खोली एचआयव्हीच्या, म्हणजे ज्यानं एड्स होतो त्या विषाणूच्या तपासणीची. मनाचा डॉक्टर मागच्या इमारतीत, तोही आठवड्यातून एकच वार. आज तो वार नव्हता. दोन्हीकडे समुपदेशनच म्हणतात म्हणे. पाटी लावणाऱ्याच्या बापाचं काय जातंय!

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. जेटीवर एक जण मला ऐकू जाईल असं बोलला, "तात्यानं म्हातारपणी दिवं लावलं, व्हय रं?" सगळे हसले. टपरीवर बाकीच्यांना काचेच्या ग्लासात चहा, मला कागदाच्या कपात. तो रोग चहातून लागत नाही, हे त्या बाईनं मला न विचारता सांगितलं होतं. मी कोणाला सांगायला गेलो नाही. बायकोच्या दुःखानं माणूस वाळला, हे एकालाही दिसलं नाही. ही बातमी मात्र बरी दिसली.

दर्यात डिप्रेशन आलं तर अख्खा वाडा हाका मारून होड्या परत बोलावतो. मला कोणी हाक मारली नाही.

पुढच्या खेपेला वार विचारून गेलो. रागानंच गेलो, नाहीतर गेलोच नसतो. मनाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या नि शेजारच्या खोलीत एका पोरसवद्या बाईपुढे बसवलं. "बोला आजोबा." मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. मग तिनं विचारलं, "आजी कालवण कशाचं करायच्या?" कोलंबीचं, म्हटलं, नि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत बसलो. ती थांबली. घाई केली नाही.

बरा झालो असं म्हणणार नाही. जेवतो. गोळी घेतो. भरतीचं पाणी आता नुसतं पाणी दिसतं. तुमच्यावर ही पाळी आली तर पाट्यांवर जाऊ नका, माणसाला विचारा.

परवा गोविंदा आला. मागच्या दारानं.

"तात्या, माझा पोरगा खोलीतनं भाईर येत न्हाय. जेवत न्हाय. तू मनाच्या डॉक्टरकडं जातोस म्हणं. तो... तो दरवाजा कुठला?"

आधी शिवी घातली. मनात होती ती सगळी घातली. तो खाली मान घालून उभा.

मग सांगितलं, "केसपेपरच्या खिडकीवर विचार, मनाचा डॉक्टर कुठल्या वारी बसतो. मोठ्यानं विचार."

"मोठ्यानं?"

"व्हय. कुजबुजलास तर पोराला रक्त तपासायच्या बाकावर बसवतील. मग बस गावाची तोंडं धरत."

तो बस म्हटल्याशिवाय बसेना. बस म्हटलं. चहा टाकला.

काचेच्या ग्लासात दिला.