डाव्या हाताचं माप

शिवय्या मठपतींनी चौतीस वर्षं शाहूवाडी तालुक्यातल्या गाई-म्हशी बऱ्या केल्या, पण कामावरून परतताना स्वतःच्या घरात ते कधी पुढच्या दारानं आले नाहीत. रोज संध्याकाळी कोल्हापुरात एस.टी.तून उतरायचं, मंगळवार पेठेतल्या बोळातून घराच्या मागं जायचं, न्हाणीत कपडे उतरवायचे, दोन बादल्या अंगावर घ्यायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. चन्नम्माचा दंडकच होता तसा. शैवाचं घर, गळ्यात लिंग, आणि नवऱ्याच्या हाताला खांद्यापर्यंत म्हशीचा वास! तिचंही चूक नव्हतं म्हणा. म्हैस गाभण आहे का बघायचं तर बाही वर खोचून उजवा हात खांद्यापर्यंत आत घालावा लागे, आणि सरकारी हातमोजे वर्षातून दोनदा यायचे तेही फाटके.

कागदोपत्री ते पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे. शेतकरी मात्र त्यांनाच डॉक्टर म्हणत, कारण अडलेल्या गाईपाशी रात्र काढणारा तोच एक माणूस त्यांना ठाऊक. चन्नम्मानं तो शब्द उचलला आणि जपून ठेवला. कुणी खोलात जाऊन विचारलं नाही, तर ती आपण होऊन काही सांगत नसे.

शिवय्या निवृत्त झाले आणि वर्षभरात, दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर, बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाला, राजशेखरला, कसलंसं बक्षीस मिळालं. आई-वडिलांपैकी एकाला दोन आठवडे परदेशी सहल. चन्नम्मानं पहिल्याच दिवशी हात झटकले. विमानात कोंडून घ्यायला ती काय कोंबडी होती? जायचं ते शिवय्यांनी. शाहूपुरीतल्या सहलीच्या ऑफिसातून एक गुळगुळीत पुस्तक आणि अर्ज घरी आला. अर्ज एकच, सहल पुस्तकातून कुठलीही निवडा.

पुस्तक भलतंच होतं. नुसतं फिरायचं, फोटो काढायचे, असलं त्यात काही नव्हतंच. प्रत्येक सहलीत काहीतरी करायचं. कुठं सायकलवरून डोंगर चढायचे, कुठं समुद्रात बुड्या मारायच्या, कुठं परक्या बाईकडून स्वयंपाक शिकायचा, कुठं हिरव्यागार माळावर गोल्फ खेळायचा. आपल्याकडं माणूस काम चुकवायला सहलीला जातो, ह्यांच्याकडं कामाला म्हणून सहलीला जातात! सगळं इंग्रजीत. धाकटी शांभवी डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान अप्पांना समजावून सांगायची.

चाळिसाव्या पानावर हत्ती निघाले. थायलंडमधली एक छावणी, लाकडं ओढून आणि सर्कशीत नाचून म्हातारे झालेले हत्ती तिथं ठेवलेले. तिथं जाऊन चारा कापायचा, हत्ती धुवायचे, लीद काढायची आणि, शांभवीनं शब्द शोधून सांगितलं, पायांची देखभाल करायची.

"पायांची?" शिवय्यांनी विचारलं. "परत वाच बघू."

तिनं परत वाचलं. मग त्यांनी तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट तिला सांगितली. कोल्हापुरात सर्कस आली होती. चंचल नावाच्या हत्तिणीच्या पुढच्या पायाला नखाच्या मुळाशी गळू झालेलं. मोठे डॉक्टर मीटिंगला पुण्याला गेलेले, म्हणून शाहूवाडीहून शिवय्यांना बोलावून घेतलं. तीन दिवस ते तंबूमागं बसून होते. कडुलिंबाच्या कोमट पाण्यात पाय भिजवायचा, गळू पिळून काढायचं, पुन्हा भिजवायचा. तिसऱ्या दिवशी चंचलनं त्यांच्या खांद्यावर सोंड ठेवली आणि बराच वेळ काढली नाही. चौथ्या दिवशी सर्कस मिरजेला गेली. पाय बरा झाला का, हे सांगायला कोण येणार होतं? त्या तीन दिवसांत ते चन्नम्माला कधी नव्हे ते हसताना दिसले होते, पण तिनं दोनाच्या चार बादल्या केल्या, एवढंच.

हत्तींच्या सहलीसाठी अर्जात एक चौकट होती. जनावरांबरोबर काम केल्याचा अनुभव, वर्षं किती? शिवय्या त्या चौकटीकडं बघतच राहिले. उभ्या जन्मात हे त्यांना कुणी अभिमानानं विचारलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं, अगदी सावकाश, चौतीस लिहिलं. पेन नंतर फिरवू म्हणाले. त्या माणसाला किती आनंद झाला होता ते शांभवीनं पाहिलं. दुसऱ्या कुणी नाही.

तेवढ्यात निपाणीचे पाहुणे यायचे ठरले.

शांभवीसाठी तिथल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पसंती झालेली, आता साखरपुड्याची तारीख धरायची बाकी होती. मध्यस्थानं तोंड भरून सांगितलं होतं, मुलीचे वडील जनावरांचे मोठे डॉक्टर, हाताखाली चार माणसं. हाताखालची माणसं होती खरी, फक्त शिवय्या त्यांतलेच एक होते. तेव्हाच खुलासा करायला हवा होता. चन्नम्मा म्हणाली, आपण कुठं खोटं बोललोय, त्यांचं ते बोललेत. आणि शिवय्या मूग गिळून बसले. तिथंच त्यांची चूक झाली.

रविवारी मुलाला घेऊन त्याचे वडील वीरभद्रप्पा आले, ऐसपैस बसले, दोनदा पोहे मागून घेतले. माणूस मनानं वाईट नव्हता, आवाज मात्र वरच्या आळीला ऐकू जाणारा. परदेशवारीचं ऐकून त्यांनी पुस्तक मागवलं आणि चाळता चाळता नेमके चाळिसाव्या पानावर थांबले. तिथं शिवय्यांनी खुणेला एस.टी.चं तिकीट घालून ठेवलं होतं. वीरभद्रप्पांच्या मुलानं वाचून अर्थ सांगितला.

"हे काय वो डॉक्टर? परदेशात जाऊन हत्तीची लीद काढायची?" वीरभद्रप्पा म्हणाले. "आमच्यात ह्या कामाला गडी ठेवत्यात की. गड्याच्या घरात कोण पोरगी देतंय, न्हाय तर कोण करून घेतंय?"

सगळे हसले. शिवय्याही हसले, जरा उशिरा. त्यांचा उजवा हात पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला.

चन्नम्मा आतून लगेच पुढं आली. "ते न्हाय वो पावणं. ह्यांनी गोल्फ धरलाय."

वीरभद्रप्पांना ते फार आवडलं. बेळगावला मोठे साहेब लोक खेळतात म्हणे. व्याह्याला साजेसं आहे म्हणाले. साखरपुडा मार्गशीर्षात धरला, त्याआधी सहल उरकून या, फोटो मांडवात लावू असंही ठरलं. बायकोला खोटं पाडायचं की मुलीचं लग्न मोडायचं? आपलेच दात आपलेच ओठ. माणसानं करावं काय?

त्याच संध्याकाळी राजशेखरचा फोन आला. त्याला आईनं आधीच सगळं सांगितलेलं. "अप्पा, गोल्फ मस्त हाय. ऑफिसात सांगायला बी बरं दिसतंय," तो म्हणाला. शिवय्यांनी हत्तींचं एकदा काढून पाहिलं, तर पोरगा दिलखुलास हसला आणि म्हणाला, चौतीस वर्षं शेण काढून पोट भरलं नाही का? लेकाचं प्रेम होतं त्यात, बापाला आराम मिळावा एवढंच त्याच्या मनात. म्हणून तर उलट बोलता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शांभवी माडीवर आली तेव्हा शिवय्या अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते.

"अप्पा, मी सांगते त्यास्नी," ती म्हणाली. "तुम्ही काय काम करत होता ते सगळं सांगून टाकते. मोडलं तर मोडू दे."

ती मनापासून बोलत होती. पण काखेत धरलेल्या डिक्शनरीतून मुलाच्या फोटोचा कोपरा बाहेर आलेला शिवय्यांना दिसत होता. हत्तींचे शब्द शोधताना त्यांनी तो कितीदा पाहिला होता. शब्द सापडला की ती फोटो उचलून पुढच्या पानात जपून ठेवायची.

"गप बस," ते म्हणाले. "हत्ती मला वळखणार थोडाच हाय?"

ती रडली. त्यांनाही रडावंसं वाटलं, पण ते बाप होते आणि खाली चन्नम्मा जागी होती.

मंगळवारी ते शाहूपुरीच्या ऑफिसात गेले. तिथल्या भैरवी नावाच्या मुलीनं गोड बोलून बसवलं, अर्ज पाहिला आणि गोल्फच्या पानावर खूण केली. अनुभवाच्या चौकटीत पेन्सिलीचे चौतीस तिला दिसले. हे गोल्फचे धरायचे का, असं तिनं विचारलं. नाही म्हणाले. मग खोडू ना? खोडा की, म्हणाले. तिनं रबर फिरवलं. कागद चांगला होता, खूणसुद्धा राहिली नाही.

गोल्फसाठी कंपनी हातमोजा भेट देणार होती, त्याचं माप हवं होतं. भैरवीनं टेप काढला. शिवय्या खुर्चीत सरळ झाले, शर्टाचं बटण सोडलं आणि उजव्या हाताची बाही वर सरकवायला लागले, कोपरापर्यंत, दंडापर्यंत, पार खांद्यापर्यंत. तो हात त्यांनी तिच्यापुढं धरला.

भैरवी गोंधळली. "काका, डावा द्या," ती म्हणाली. "गोल्फचा हातमोजा डाव्याच हाताला घालतात. उजव्याला काही लागत नाही."

"व्हय काय," शिवय्या म्हणाले. त्यांनी बाही घडी घडी करून खाली घेतली, मनगटाचं बटण लावलं आणि डावा हात पुढं केला.