बर्फातली बोटं

हंसा तामोरेच्या नाकावर राग असतो, असं अख्खं दांडी गाव म्हणतं. म्हणू दे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं ते मशीन केव्हाच खाडीत भिरकावलं असतं.

बाराव्या वर्षापासून हंसा कोळंबी सोलते. बोटांवरच्या रेषा पार झिजल्या, म्हणून बोईसरच्या कोळंबीच्या कारखान्यातलं हजेरीचं, बोटाच्या ठशाचं मशीन तिला ओळखेना. मग नवं आलं. फटीत बोट घालायचं, ते आतल्या नसांचं जाळं बघतं. सुपरवायझर धीरज ऐटीत म्हणाला, "मावशी, नसा थोड्याच झिजतात!"

सकाळी ते मशीन तिला बरोब्बर ओळखायचं. संध्याकाळी नाही. आठ तास बर्फात घालून बोटं गारठलेली, नसा आक्रसून आत दडलेल्या. आणि या उंटावरच्या शहाण्यांनी मशीन बसवलं कुठे, तर थेट बर्फखोलीच्या दारात! बाहेर पडल्याची नोंद नाही, तर दिवसच गैरहजेरीचा. अशा तीन झाल्या की काम बंद. शेजारची सुलू एकही खाडा न करता अशीच घरी बसली. हंसाच्या दोन झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी बायका काखेत बोटं दाबून रांगेत उभ्या होत्या. हंसानं तीनदा बोट घातलं. तिन्ही वेळा लाल दिवा.

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी," मोबाईलमधून मान वर न करता धीरज म्हणाला.

हंसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग मी खोटी हाय?" तिनं त्याचं मनगट धरलं आणि उजवा हात दाराशी ठेवलेल्या बर्फाच्या टबात दाबून धरला. तो ओरडला, धडपडला. बायकांनी वाट अडवली. "धा मिन्टं नाय झाली, रडतोस कशाला? आमी दिसभर घालतो. आता लाव बोट!"

लाल दिवा. पुन्हा लाल.

धीरजनं टेबलाचा खण उघडला, हजेरीची वही काढली आणि डाव्या हातानं स्वतःची बाहेर पडायची वेळ लिहू लागला. वही कधीच बंद झाली, असं तो महिनाभर प्रत्येकीला सांगत आला होता.

"तुज्यासाटी वही हाय," हंसाचा आवाज फाटला, "आनि सुलूसाटी नव्हती?"

तिनं वही हिसकावली आणि आधी सुलूचं नाव लिहिलं.