तार कुठे लावली

टेबलावर अर्धधातूचा तिळाएवढा स्फटिक आहे. केसाहून बारीक चार तारा त्याला चांदीच्या लेपाने चिकटवल्या आहेत. चुंबकीय क्षेत्रात तो फिरवला की त्याचा स्वभाव पालटतो. वीज क्षेत्राला आडवी वाहिली की अडथळा वाढतो आणि क्षेत्राच्याच दिशेने वाहिली की घटतो. ही घट क्वचितच दिसते; ती मिळावी म्हणून आम्ही संशोधक जीव टाकतो. मला ती मिळाली होती. लेखही लिहून होत आला होता.

आज माझी विद्यार्थिनी मानसी म्हणाली, "मॅडम, वीज आत सोडतो तिथे मी लेपाचा नुसता ठिपका न देता पूर्ण कड माखली. घट गेली."

म्हणजे ठिपक्यामुळे वीज एका चिंचोळ्या धारेतून निघून जात होती, आणि आम्ही धारेबाहेर मोजायची तार लावून अडथळा घटला म्हणत होतो. स्फटिक खोटं बोलला नव्हता. माणसांच्या बाबतीत तरी मी तार कुठे लावते, कोण जाणे.

मानसीच्या आधी हे काम सुषमाकडे होतं. ती नेहमी पूर्ण कड माखायची, आणि तिला घट कधीच मिळाली नाही. "तुझा हातच बसलेला नाही," असं मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं होतं. पुढे ती काम सोडून गेली.

तिची वही मी कपाटातून काढली. आलेखांखाली माझं लाल अक्षर: "पुन्हा मोज." तिने दरवेळी मोजलंय. शेवटच्या आलेखाखाली मात्र तिचं निळं अक्षर आहे: "मॅडम, एकदा तुम्ही मोजून बघाल का?"

त्या पानापर्यंत मी आज पहिल्यांदा पोचले.