गोल चौकटीतले हे

दापोड्याच्या गोदामातला आमचा कॉम्प्युटर म्हणजे रडतराऊ. बटण दाबलं की आधी काळा पडदा, मग त्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत बसायचे. तोवर माझा केर काढून व्हायचा, अगरबत्ती लावून व्हायची. मग कुठे ठिपके थांबायचे आणि गोल चौकटीत आमचे हे यायचे, खाली त्यांचं नाव. मालाच्या गाड्या रवाना करायचं काम हे बघायचे, तेव्हा त्यांनीच लावलेला फोटो, एक डोळा अर्धा मिटलेला. हे गेले, शेठनी त्यांची खुर्ची मला दिली, पासवर्डही दिला. त्या यंत्राला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ते रोज सकाळी यांनाच पुढे करायचं. "आलात का?" म्हणायचे मी, आणि पासवर्ड टाकायचे. कुणाला वेडेपणा वाटला तर वाटो.

एका संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना पडद्यावर आलं, अपडेट चालू आहे, वीज बंद करू नका. होईल आपोआप बंद, म्हणून मी निघाले. मागून मुकादमांनी रोजच्यासारखा मेन स्विच खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी केर झाला, अगरबत्ती विझली, तरी ठिपके फिरतच होते. मुकादम बिचारे कानकोंडे झाले. "वहिनी, भावानंच सांगलेलं ना, मेन खाली केल्याबिगर जायचा न्हाय." खरंच होतं ते. शेजारचं गोदाम जळलं तेव्हा यांनीच तो नियम घातला होता. आता रागवायचं तरी कुणावर?

शहरातून दुरुस्तीवाला आला. "भाभी, डेटा बच गया. सिस्टीम नयी डालनी पडेगी." शेठचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला.

नवी सिस्टीम चढली आणि तिनं नाव विचारलं. दुरुस्तीवाला माझ्याकडे वळला. "पुराना नाम ही रखू? क्या नाम था?"

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेतलं ते फक्त उखाण्यात, हसण्याखिदळण्यात. मुलीला शाळेत घातलं तेव्हासुद्धा बापाचं नाव शेजारणीनं सांगितलं होतं. आताही ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. तेवढ्यात शेठ दारातून ओरडले, "ऑफिस टाक रे, गाड्या खोळंबल्यात!" त्यानं ऑफिस टाकलं.

आता कॉम्प्युटर झटकन चालू होतो. सगळे खूश आहेत. माझा केर अर्धाही होत नाही तोवर पडदा उजळतो. गोल चौकटीत करड्या रंगाचं डोकं आणि खांदे, चेहरा कुणाचाच नाही. मला त्या चौकटीचा राग येतो, आणि रडूही येतं.

परवा सकाळी गोदामात अजून कुणी आलं नव्हतं. केरसुणी हातात धरून मी पडद्यासमोर उभी राहिले आणि यांचं नाव घेतलं. मोठ्यानं, उखाण्याशिवाय. हे असताना एकदा तरी घ्यायला हवं होतं.