काळ्या डब्यावरचा पांढरा डाग

"दीदी, जल्दी दुकान पे आ जाओ... बालूभैया गिर गए." शेजारच्या चहावाल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात भागाकार शिकवत होते. मी पोहोचेपर्यंत माझा धाकटा भाऊ खुर्चीतच संपला होता. टेबलावर कुणाचा तरी जुना गेम कन्सोल उलटा पडलेला, बाजूला ओला कापूस. दीड महिना झाला. या दीड महिन्यात भेटायला आलेल्या प्रत्येकानं त्याच्या हाताचं कौतुक केलं, आणि मी मेलीनं दर वेळी मान खाली घातली.

बालूचं दुकान गोंदियाच्या बाजारात, इनमिन एक टेबल मावेल एवढं. नागपूरहून वापरलेले कन्सोल आणायचे, त्यांवरचे ओरखडे, घासल्याचे डाग काढायचे आणि विकायचे. बुटाचा काळा डाग खोडरबरनं, बारीक ओरखडा जराशा टूथपेस्टनं. पण काहीही लावायचं ते आधी डब्याच्या पोटावर, म्हणजे तळाला, टिकलीएवढ्या जागेत. मग एक दिवस थांबायचं. "प्लास्टिक रुसते बाई, त्याले टाइम द्या लागते," असं मला सांगायचा. मी म्हणायची, "डबा आहे का नवरी?"

पाच वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या, रुचीच्या वाढदिवसासाठी आम्ही असाच एक काळा कन्सोल घेतला. झाकणावर घासल्याचे दोन-तीन डाग होते. बालू आदल्या दिवशी घरी आला, डबा उलटवून तळाला टिकलीएवढ्या जागेत जराशी टूथपेस्ट लावून, पुसून गेला. "उद्या येतो. तोवर हात नको लावजो." पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे यायचे, आणि दुपार झाली तरी याचा पत्ता नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही... धीर म्हणून नाहीच. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि घासलं. झाकण विरघळल्यासारखं झालं, मधोमध तळहाताएवढा पांढरा डाग. रुची रडायला लागली. "हे कोणी केलं?" यांनी, रुचीच्या बाबांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बालूनंच सांगितलं होतं, हे लाव म्हणून."

तेवढ्यात तो दारात. हातात नवा कापूस. हे त्याच्यावर बरसले, "दुकान कायले उघडलं रे, एवढं समजत नाही तर?" बालूनं डबा उचलला, वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला कळलं होतं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, ती रीतच आहे. पण त्या दिवशी तो वाकला तो रीत म्हणून नव्हे. रडणाऱ्या रुचीचे पाय धरून म्हणाला, "चुकलं वं माय माझं." मी स्वयंपाकघरात निघून गेले. पुऱ्या तळायच्या होत्या ना मला!

त्यानंतर यांनी ओळखीच्या कुणाला त्याच्याकडे पाठवलं नाही. रुचीचा रिमोट बिघडला तेव्हा ती त्याला म्हणाली, "मामा, तू नको हात लावू." तो हसला. दर भाऊबीजेला यायचा, टीव्हीखालच्या त्या डब्याकडे बघायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. ओवाळताना दर वर्षी ठरवायची, आज सांगते सगळ्यांसमोर. मग म्हणायची, सणासुदीला कायले?... पुढच्या वर्षी.

परवा रुची डागावर लावायला स्टिकर घेऊन आली. "मामानं पार वाट लावली होती," सहज बोलली. माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. तिनं डबा उलटा केला. तळाला, मळक्या ओरखड्यांच्या मधे, टिकलीएवढी जागा लख्ख काळी. कुठं पांढरेपणा नाही, कुठं रेघ नाही.

"मग तो माझ्या पाया काऊन पडला?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. मी लिहिलेलं हे वाचतील तेव्हा यांनाही कळेल.

तिनं दुकानाची किल्ली मागितली. आम्ही दोघी गेलो, शटर वर केलं. ओला कापूस वाळून टेबलाला चिकटला होता. आमच्यात भाची मामाच्या पाया पडत नाही, कधीच नाही. रुची त्या रिकाम्या खुर्चीपुढे वाकली आणि बराच वेळ उठली नाही. मी तिची आई, त्याची मोठी बहीण... मला आत पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. मी बाहेरच उभी राहिले.